कांद्यावर पोसलेली तटबंदी

माझ्या पोटातले जंतू माझ्या बायकोच्या पोटात राहायला गेलेत, ही गोष्ट गावात कुणाला सांगायची नाही असं आमचं दोघांचं ठरलं होतं. ती फोडली तिनंच, तीही भर भजनी मंडळात, टाळ खाली ठेवून. दुसऱ्या दिवशी मार्केटात जो तो मला विचारायला लागला, "हेमंतशेठ, आमच्यासाठी थोडे शिल्लक आहेत का हो?" आता लपवण्यासारखं काही उरलेलंच नाही, तर सगळं नीट सांगून टाकतो. उगाच तिखटमीठ लावून दुसऱ्याकडून कळायला नको.

मी हेमंत शिरोडे. लासलगावला कांद्याची खरेदी करतो. बाप तेच करायचा, आजा तेच. चारुशीला माझी बायको. आमच्या घरात फोनमध्ये नंबर कुणी साठवत नाही, चारूला विचारतात. कुणाची मुलगी कुठे दिली, कुणाच्या वडलांची तिथी कधी, कुठल्या अभंगाचं तिसरं कडवं काय, सगळं तिच्या जिभेवर. मी काही विसरलो की म्हणायची, "तुमच्या डोक्यात नुसता कांदा भरलाय." खरंच होतं ते.

अशा बाईला विसर पडायला लागला. कुकरची शिट्टी फ्रिजमध्ये सापडली तेव्हा आम्ही हसलो. अभंगाच्या मध्येच ती थांबली आणि बाकीच्या बायका पुढे निघून गेल्या, तेव्हा हसायचं थांबलो. आणि एकदा दुपारी मी जेवायला घरी आलो, तर दार अर्धं उघडून मला म्हणाली, "भाऊजी, हे घरी नाहीत. नंतर या."

दार लावून घेतलं तिनं. मी ओट्यावर बसलो आणि रडलो, खोटं कशाला बोलू? बासष्ट वर्षांचा माणूस, रस्त्यानं ट्रॅक्टर चाललेत, लोक हात करतायत, आणि मी आपला उपरण्यानं डोळे पुसतोय. आतून सून केतकीनं दार उघडलं म्हणून घरात गेलो. हे मी चारूला कधी सांगितलं नाही.

नाशिकला डॉ. स्नेहल अहिरराव म्हणून आहेत. वयानं माझ्या मुलीसारख्या, पण समजावून सांगण्याची हातोटी मोठी. त्यांनी एक छोटं भिंग चारूच्या डोळ्यापुढे धरलं. पडद्यावर डोळ्याच्या आतल्या रक्तवाहिन्या दिसायला लागल्या आणि त्यांच्या कडेनं पिवळट ओघळ.

"शेठ, मेंदूला रक्त लागतं, पण रक्तातलं सगळंच मेंदूला चालत नाही," त्या म्हणाल्या. "म्हणून मेंदूतल्या रक्तवाहिन्यांना तटबंदी असते. तिथल्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या असतात की साखर, प्राणवायू असल्या कामाच्या गोष्टी जातात आणि नको ते बाहेर राहतं. काकूंच्या तटबंदीला फटी पडल्यात. नको ते आत झिरपतंय, म्हणून हा विसर. डोळ्याच्या पडद्यालाही तसलीच तटबंदी असते, म्हणून डोळ्यात डोकावलं की मेंदूचा अंदाज येतो."

"मग फटी बुजवा," मी म्हटलं.

"त्या बुजवणारे गवंडी पोटात असतात."

मला वाटलं, पोरगी थट्टा करतेय. पण त्यांनी सांगितलं की फार पूर्वी शास्त्रज्ञांनी काही उंदीर असे वाढवले, की त्यांच्या पोटात एकही जंतू नव्हता. त्यांची तटबंदी गळकी निघाली. मग त्यांच्या पोटात चांगले जंतू सोडले आणि गळती कमी झाली. आपण जो चोथा खातो तो आपल्याला पचत नाही, मोठ्या आतड्यातले जंतू तो खातात. खाऊन एक आम्ल तयार करतात, ब्युटिरेट म्हणतात त्याला. ते रक्तातून वर जातं आणि तटबंदीच्या पेशींना सांगतं, बायांनो, जरा घट्ट धरा. चारूच्या पोटातले हे जंतू जवळजवळ संपले होते. गोळीतून नुसतं आम्ल दिलं तर ते वरच्या वरच शोषलं जातं. ते आतड्यात दिवसभर थोडं थोडं बनत राहायला हवं.

"म्हणजे जंतू दुसऱ्याकडून आणायचे. शक्यतो एकाच घरातल्या माणसाचे," त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे बघायला लागल्या.

आमच्या सगळ्यांच्या तपासण्या झाल्या. मुलगा नापास, केतकी काठावर पास. माझा निकाल बघून डॉक्टरीणबाई खुर्चीतून उठल्याच. "शेठ, तुमच्या पोटात खाण आहे! असा जोरकस जंतू मी अजून पाहिला नाही. खाता काय तुम्ही?"

"कांदा. दोन्ही वेळा. कच्चा."

"काकू खातात?"

"डॉक्टर, लासलगावच्या बाईला कांदा खाता का विचारता?"

"रोज?"

"रोज!"

त्यांनी तसं लिहून घेतलं. मी खोटं बोललो नव्हतो. पौष महिना होता तो, आणि पौषात चारू रोजच कांदा खायची.

माझे जंतू निवडून, वाढवून, कॅप्सूलमध्ये भरून तिला द्यायचे ठरले. त्या दिवशी ती जरा भानावर होती. तिनं कॅप्सूल चिमटीत धरली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "जन्मात कधी यांचं उष्टं खाल्लं नाही मी, आणि आता हे?" केतकी हसून हसून खाली बसली. चारूनं नाक धरून गिळली.

चैत्र लागेपर्यंत भिंगातले पिवळे ओघळ दिसेनासे झाले. अभंग परत आले. तिथ्या परत आल्या. एक दिवस मी जेवायला बसलो तर म्हणाली, "शर्टाची दोन बटणं उघडी टाकून मार्केटात फिरता, लाज नाही वाटत?" शपथेवर सांगतो, लग्नात सनई ऐकून झाला नव्हता इतका आनंद मला त्या शिव्या ऐकून झाला.

आषाढात कांदेनवमी झाली. चातुर्मास लागायच्या आत घरातला कांदा पोटभर खाऊन घ्यायचा सण. भजी, थालीपिठं, भरले कांदे, काय विचारू नका. चारूच्या डोळ्यातलं चित्र इतकं स्वच्छ आलं की डॉक्टरीणबाईंनी ते आपल्या विद्यार्थ्यांना दाखवलं. दोनच दिवसांनी एकादशी आली आणि दरवर्षीसारखा चारूनं कांदा-लसूण सोडला.

का सोडते तेही सांगतो. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत मी नाशिकला ऑक्सिजनवर होतो. शेजारच्या खाटा रिकाम्या होत होत्या. तेव्हा हिनं घरी देवापुढे हात जोडून सांगितलं, हा माणूस चालत घरी येऊ दे, हयात आहे तोवर चातुर्मासात कांद्या-लसणाला शिवणार नाही. मी चालत घरी आलो. तेव्हापासून चार महिने आम्ही सगळे कांदा खातो आणि ती स्वतः चिरून, फोडणी घालून आम्हाला वाढते, पण स्वतः खात नाही. आमच्या घरात ही गोष्ट इतकी अंगवळणी पडलेली, की डॉक्टरांना सांगण्यासारखी आहे असं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. पथ्य डॉक्टर सांगतात, नवस आपला आपण पाळतो. दोन्हींचा एकमेकांशी काय संबंध, असंच वाटायचं.

श्रावणात ती पुन्हा अडखळायला लागली. आधी मीठ दोनदा. मग मंडळात तेच कडवं दोनदा. मग एका सकाळी केतकी चहा घेऊन गेली, तर तिच्या हनुवटीला हात लावून चारूनं विचारलं, "तू कुणाची गं?"

केतकी चहा तसाच घेऊन बाहेर आली आणि माझ्यापुढे उभी राहून रडायला लागली. मी गाडी काढली.

डॉक्टरीणबाईंनी भिंग लावलं. ओघळ परत आले होते. खाण्यात काय बदल झाला, म्हणून त्या खोदून खोदून विचारायला लागल्या आणि मग माझ्याच तोंडून निघालं, "बदल काही नाही हो, चातुर्मास आहे, तेवढा कांदा सोडलाय."

त्यांनी डोक्याला हात लावला. "शेठ! रोज म्हणाला होतात ना?"

"बाकीचे आठ महिने रोजच की!"

"अहो, तुमचे जंतू पिढ्यान्‌पिढ्या कांद्यावर पोसलेत. कांद्या-लसणात जो चोथा असतो त्याच्यावरच ते जगतात. काकूंनी त्यांना उपाशी ठेवलंय."

कांद्याऐवजी दुसरा चोथा म्हणून त्यांनी चिकरीची पूड देऊन पाहिली, सातूचं पीठ, हिरवी केळी. पोट फुगण्यापलीकडे काही झालं नाही. "तुमचे जंतू तुमच्यासारखेच हट्टी आहेत," त्या वैतागून म्हणाल्या. शेवटी एक पांढरी पूड काढली. वास नाही, चव नाही.

चारू त्या दिवशी बरी होती. तिनं विचारलं, "ही निघाली कशातून?"

"कांद्यातून काढलेला शुद्ध चोथा आहे, काकू."

"मग कांदाच की," चारू म्हणाली आणि डबी परत सरकवली.

मी डॉक्टरीणबाईंना बाजूला घेतलं. म्हटलं, तुम्ही द्या माझ्याजवळ, मी बघतो. त्या कडक आवाजात म्हणाल्या, "रुग्णाला न सांगता मी काही देणार नाही. समजावा त्यांना. अजून दीड-दोन महिने असंच गेलं तर जे जाईल ते परत येईलच, असं नाही सांगता येणार."

समजावलं. सगळ्या तऱ्हेनं समजावलं. ती म्हणायची, "माझं डोकं माझं आहे हो, पण शब्द देवाला दिलाय." हे बोलतानाही मधला एखादा शब्द तिला सापडायचा नाही आणि ती हवेत बोटं फिरवत राहायची. ती बोटं मला बघवेनात.

मग मी जे केलं ते केलं. माझ्या गोदामात वाळवलेल्या पांढऱ्या कांद्याची पूड असते, परदेशी जाते. त्यातली घरी आणली.

"पप्पा, हे बरोबर नाही," केतकी म्हणाली.

"नाहीच बरोबर. भाजणीचा डबा दे इकडे."

भाजणीत पूड, दुधीत पूड, वर वास मारायला सढळ हातानं हिंग. चारूला कळलं नाही. तिच्या नाकाला तेव्हा हिंग काय आणि धूप काय, सारखंच. ती जेवायची, मी समोर बसून विचारायचो, आणखी वाढू का? जिनं माझ्यासाठी हे सोडलं, तिला मी तेच लपवून चारत होतो. पण डॉक्टरीणबाईंनी तसलंच एक भिंग घरी दिलं होतं, ते रोज संध्याकाळी तिच्या डोळ्याला लावायचो आणि रोज ओघळ थोडा कमी दिसायचा. केतकीला तिनं नावानं हाक मारली. मग माहेरच्या नावानं मारली. तिच्या आजोळचं नावही सांगितलं, जे केतकीलाही नीट माहीत नव्हतं.

इथेच माझा हिशेब चुकला. अहो, बायको बरी होणार म्हणजे तिचं नाकही बरं होणार, एवढं मला कळू नये?

भाद्रपदात, गौरी उठल्यावर, एका दुपारी थालीपिठाचा तुकडा तोंडात घालून ती चावायची थांबली.

"केतकी, भाजणीत काय घातलंस?"

"हिंग, आई."

"हिंगाआडून कांदा येतोय." तिनं आणखी एकदा चावलं. "पांढरा. वाळवलेला. आपल्याच गोदामातला."

केतकीनं माझ्याकडे पाहिलं. बास, तेवढं पुरलं. चारूनं ताट बाजूला केलं.

"केव्हापासून?"

"श्रावणापासून," मी म्हटलं.

"माझ्या नवसाची माती करत होतात रोज, आणि समोर बसून विचारत होतात, आणखी वाढू का?" तिचा आवाज असा चढला की शेजारचा कुत्राही गप्प बसला. "आणि मला आज हे कळलं कशानं? डोकं चालतंय कशानं माझं? तुमच्या त्या मेल्या कांद्यानंच!"

ती स्वतःच्याच बोलण्यावर हसली की काय, असं मला क्षणभर वाटलं. पण नाही. ती उठली, हात धुतले. "आजपासून माझं ताट मी करीन. तुमच्या हातचं पाणीसुद्धा नको."

"चारू, परत विसरशील सगळं."

"विसरेन. देवानं त्याचा शब्द पाळला, तुम्ही घरी आलात. मी कोण मोडणारी?"

आणि मग माझा तोल गेला. जे कधी सांगायचं नाही म्हटलं होतं ते तोंडातून गेलं. "कशाला मागून घेतलंस मला? मीच दारात उभा होतो आणि तू मला म्हणालीस, भाऊजी, हे घरी नाहीत. दार लावलंस माझ्या तोंडावर. त्यासाठी मागितलं होतंस का?"

ती वळली. "मी? असं म्हणाले?"

"म्हणालीस."

"तुम्हाला?"

"मलाच."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग पाटावर बसली, पदर तोंडाशी धरला. केतकी आत निघून गेली. थालीपीठ गार झालं.

"मग तुम्ही काय केलंत?" तिनं विचारलं.

"ओट्यावर बसलो."

"जेवला नाहीत?"

"तू घरात घेशील तर ना जेवायला."

ती हसली, आणि हसता हसता रडली. मग डोळे पुसून, कपाळाला आठी घालून ती विचार करायला लागली. ही आठी मी वर्षभरात पाहिली नव्हती. ती पडली की घरात काहीतरी उलथापालथ होते, हे मला माहीत आहे.

"तुमच्या आईंना टायफॉइड झाला होता ना, तुम्ही तिसरीत असताना? त्यांचे सोळा सोमवार चालले होते. उरलेले मामंजींनी केले. मला आईंनीच सांगितलं होतं."

"बरं मग?"

"आजारपणात नवस दुसऱ्यानं पाळलेला चालतो. नवस बदलता येत नाही, माणूस बदलता येतो." तिनं माझ्याकडे रोखून पाहिलं. "हा नवस तुमच्यासाठी बोलले होते. तुम्हीच पाळा."

"मी? कांदा सोडू?"

"आणि लसूण. दर चातुर्मासात. हयात आहात तोवर."

माझ्या घराण्यात कांदा सोडलेला पुरुष कुणी ऐकलेला नाही. "अगं, पण माझे जंतू?"

केतकीनं आतूनच डॉक्टरीणबाईंना फोन लावून दिला होता. पोरगी हुशार आहे. त्या खळखळून हसल्या. म्हणाल्या, "शेठ, तुमच्या पोटात दुसऱ्याही शेकडो जाती आहेत. डाळी, भाकरी, भाज्या खात राहा, तुमचं भागेल. दर आठवड्याला तुमच्याही डोळ्यापुढे भिंग धरून बघत जाऊ. आणि काकूंना मनापासून नमस्कार सांगा."

"पण धंदा?" मी शेवटचा हात मारून पाहिला. "दुसरे व्यापारी कांदा दाबून बघतात, मी चावून बघतो. सगळं मार्केट जाणतं. साठवणीच्या चाळीतला उन्हाळ कांदा न चावता घ्यायचा कसा मी?"

"न चावता कशाला?" चारू म्हणाली. "मी येते."

त्याच संध्याकाळी तिनं मला देवापुढे बसवलं, हातावर पळीभर पाणी घातलं आणि एकेक शब्द सांगत गेली. मी दोनदा चुकलो, तिनं दोनदा दुरुस्त केलं. पाणी सोडलं आणि केतकीनं चारूच्या पानात झुणका, भाकरी आणि चिरलेला कांदा वाढला. मला दुधी. कांद्याची आठवण आली नाही, असं मी म्हणणार नाही. चांगली कडकडून आली. पण समोर बसलेली बाई मचमच खात होती आणि दुधीला नावं ठेवू नका म्हणून मला दटावत होती, त्यामुळे दुधी गेला घशाखाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी लिलावाला आम्ही दोघं गेलो. ट्रॅक्टर रांगेत उभे, व्यापाऱ्यांचा घोळका पुढे पुढे सरकतोय, आणि त्यात ही नऊवारी खोचून. लोक बाजूला झाले. कुणीतरी मागून म्हणालं, "शेठनं आज घरचा माल आणला की काय?"

चारूनं पहिल्या ट्रॉलीतून एक कांदा उचलला, साल काढली आणि कचकन चावला. डोळे मिटून चावत राहिली. लिलाव पुकारणारा थांबला. सगळे थांबले.

"वरून छान दिसतोय. आत पाणी सुटलंय, पंधरवड्यात काजळी धरेल," ती म्हणाली. "सोडा हा."

सोडला. दुसऱ्या ट्रॉलीचाही सोडला. तिसऱ्या ट्रॉलीतला चावल्यावर तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, नाक लाल झालं, आणि ती माझ्याकडे वळून मोठ्यानं म्हणाली, "अहो शिरोडे, बघत काय उभे राहिलात? बोला की!"

मी बोली लावली.